शाल ठेवा, बिल काढा

लातुरात उद्योग भवनाच्या आसपास उद्योग शोधायला जाऊ नका. तिथं नीट आहे, जेईई आहे, सीईटी आहे, अभ्यासिका आणि मेस आहेत, मुलींची वसतिगृहं आहेत, गुणवंतांच्या फोटोंचे दोन मजली फलक आहेत. रिक्षावाल्याला ‘ट्युशन एरिया’ म्हटलं की तो बरोबर तिथंच आणून सोडतो. उद्योगाचं नाव असलेल्या जागेत शिकवण्यांनी संसार थाटला आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? आमच्या भागात लेकराच्या हुशारीचं एकच माप आहे: ते इथून किती लवकर आणि किती लांब जातं.

शिकवण्यांच्या या ‘लातूर पॅटर्न’ला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. कोरडवाहू घरातल्या पोरांना त्यानं वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेलं, हे डोळ्यांनी पाहिलंय. नांदेडनंही आता तेच दुकान तेवढ्याच जोरात मांडलंय. पण हुशार पोरं बाहेर धाडायची एवढी अफाट यंत्रणा दोन शहरांनी उभी केली, तर जो मागं राहून ‘मी इथंच काहीतरी करतो’ म्हणतो, त्याच्यासाठी काय उभं केलं?

मेळावा.

मी कर सल्लागार आहे. ऑफिस लातुरात, सासुरवाडी नांदेडात. लोकांच्या वह्या, बिलं आणि जीएसटीची विवरणपत्रं बघण्यात आयुष्य चाललंय. वह्या खोटं बोलत नाहीत असं मी म्हणणार नाही. बोलतात, मला विचारा. पण कोणी कोणाचे पैसे किती दिवसांनी दिले, हे त्यांत लपत नाही. ज्या तरुणाचा आदल्या आठवड्यात स्टेजवर सत्कार झालेला असतो, त्याच्या थकलेल्या येण्यांची यादी माझ्या टेबलावर असते. आणि सत्कार करणाऱ्याचं नाव पुष्कळदा त्याच यादीत असतं.

मेळाव्याची पत्रिका आता तोंडपाठ झालीय. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, आयोजकांचा सत्कार, पाहुण्यांना घेऊन आलेल्यांचा सत्कार. अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू होतो, कारण प्रमुख पाहुण्यांचा ताफा रेणापूर नाक्यावर हार घेत थांबलेला असतो. मग पुण्याहून आलेले वक्ते. शेवटी ‘नवउद्योजकांचे मनोगत’: चौघांना मिळून दहा मिनिटं. तोवर मागच्या बाजूनं पुरी-भाजीचा वास सुटलेला असतो, आणि खुर्च्यांवर मनोगतवाल्यांचे आईवडील आणि माईकवाला एवढेच उरलेले असतात.

पुण्याचे वक्ते सांगतात, अपयशाला घाबरू नका. त्यांचं बरोबर आहे. ते दुसऱ्याच्या पैशानं अपयशी होतात. आमच्या औसा-निलंग्याच्या, लोहा-कंधारच्या पोराचं अपयश बापाच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढतं, बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढं ढकलतं. आणि ज्यानं त्याला कधी कपभर चहा पाजला नाही, तो पारावर बसून म्हणतो, “सांगितलंतं की मी. कशाला असल्या उचापती करायलास? तलाठ्याच्या जागा निघालत्या, फॉर्म भरायचा सोडून डाळ विकायला निघाला.”

धंद्याला आणि समाजकार्याला टाळ्या लागत नाहीत. पहिली ऑर्डर लागते. तिचे पैसे वेळेवर लागतात. बँकेत सही करणारा जामीनदार लागतो. आणि गाव अंगावर आलं तर शेजारी येऊन उभा राहणारा एक तरी माणूस लागतो. यातल्या प्रत्येक गोष्टीत देणाऱ्याचं काहीतरी खर्च होतं: पैसा किंवा पत, कधी शेजाऱ्यांशी असलेले गोड संबंध. शालीत काही खर्च होत नाही. तीनशे रुपयांत पाहुण्याचंही नाव होतं आणि देणाऱ्याचंही.

आधार देणारा समाज आमच्याकडं नाहीच, असंही कोणी म्हणू नये. आहे, आणि फार जुना आहे. लातूरच्या गंजगोलाईत, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, नाहीतर नांदेडच्या जुन्या मोंढ्यात जाऊन बघा. मारवाड्याची, लिंगायताची, कोमट्याची पेढी बघा. पुतण्या दहावीत गटांगळ्या खातो आणि काकाच्या गादीवर येऊन बसतो. दोन वर्षं पोती मोजतो, हमालांशी बोलायला शिकतो, आडतीचा हिशेब शिकतो, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला हात जोडायचे हे शिकतो. मग त्याला वेगळं दुकान काढून देतात. रोख भांडवल कोणी देत नाही. माल देतात, ‘विकून दे’ म्हणतात. पहिलं दुकान बुडालं तर चार वडीलधारे बसून देणी मिटवतात आणि दुसरं काढून देतात. याला इन्क्युबेशन सेंटर म्हणत नाहीत, याची फीत कुठल्या मंत्र्यानं कापलेली नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आलेली ही एकच व्यवस्था आहे, जिच्यात माणसाला एकदा बुडणं परवडतं.

फक्त तिच्या दारात आडनाव विचारतात.

नांदेडच्या हुजूर साहिबात लंगरच्या पंगतीला बसताना कोणी आडनाव विचारत नाही. पंगतीपुरतं ते आम्हाला मान्य आहे. गाळा भाड्यानं देताना आणि उधारीवर माल देताना मात्र पंगत उठलेली असते. जातवार वधू-वर मेळावे आमच्याकडं इतके नेटके होतात की त्यांच्या याद्या बघून जनगणनेवाल्यांनी शिकावं. आता त्याच मंडपात जातवार उद्योजक मेळावेही भरायला लागलेत. तेवढंच मंडपाचं भाडं वसूल.

ज्याला त्या दारातून आत घेत नाहीत तो काय करतो? अहमदपूर तालुक्यातल्या चोबळीत जन्मलेल्या मिलिंद कांबळे यांनी नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि पुणं गाठलं. तिथं बांधकामाची कंत्राटं घेत घेत उभे राहिले आणि २००५ साली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, काढली. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे पाठीशी कोणी नसलेल्या उद्योजकांनी एकमेकांच्या पाठीशी कसं उभं राहायचं, याचा साऱ्या देशानं दखल घेतलेला प्रयोग ज्या माणसानं केला, तो लातूर जिल्ह्यात जन्मला, नांदेडात शिकला आणि प्रयोग करायला पुण्याला गेला. आज दोन्ही जिल्हे त्याला भूमिपुत्र म्हणायला मोकळे आहेत. भूमी राहिली, पुत्र गेला.

आणि डिक्कीनं मागितलं काय ते बघा. सरकारनं आमच्याकडून माल घ्यावा. २०१२ च्या केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात एकूण खरेदीतला वीस टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा ठरला, आणि त्यात चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. त्या चार टक्क्यांचं प्रत्यक्षात काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण मागणारा काय मागतोय, हे ज्याला कळलं त्याला अर्धा धंदा कळला.

आता घरचं बघू. २०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या तीन मालांना भौगोलिक मानांकन मिळालं: पानचिंचोलीची पटडी चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. पेपरात रंगीत बातम्या आल्या, अभिनंदनाचे फलक लागले. त्या बोरसुरीच्या डाळीचं पाकीट लातूर शहरातल्या किती किराणा दुकानांत दिसतं, हे वाचणाऱ्यांनी स्वतः फिरून बघावं. जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयांतल्या कॅन्टीनमध्ये दुपारच्या वरणाला कुठली डाळ असते, हेही जाता जाता विचारावं.

निलंग्याकडच्या एका बाईचा हिशेब माझ्याकडं असतो. गटातल्या दहा-बारा जणी, एक मिनी डाळ मिल, माल चोख. तिनं एका मोठ्या शिक्षण संस्थेच्या वसतिगृहाला डाळ पुरवली. महिला दिनाला त्या संस्थेनं तिला स्टेजवर बोलावून साडी दिली, ‘ग्रामीण उद्योजिका’ म्हणून स्मृतिचिन्ह दिलं. बिल मात्र दिवाळीपासून पडून. कधी साहेब मुंबईला गेलेले, कधी सही राहिलेली, कधी ‘अनुदान येऊ द्या ताई, पहिलं तुमचंच काढतो’. शिमगा झाला, पाडवा झाला. एक दिवस ती माझ्यासमोर बसून म्हणाली, “काका, ती साडी परत घ्या अन् बिल द्या, असं अर्जात लिहून देताव का?”

मी म्हटलं, “लिहून देतो अक्का. पण मग पुढची ऑर्डर विसरायची.”

“माहीतंय की,” म्हणाली. “म्हणूनच इचारायलेय.”

कायदा पूर्णपणे तिच्या बाजूनं आहे, हे सांगताना मलाच हसू येतं. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा म्हणतो, लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्या. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज द्या. वर आयकर कायद्यातल्या ४३ ब कलमात नवी तरतूद आली आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून लागू झाली: अशा छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही. मला वाटलं, आता तरी पाकिटं सैल होतील. २०२४ च्या मार्चमध्ये माझ्या ऑफिसात छोटे पुरवठादार आले ते एकच विचारायला: “साहेब, छोट्या उद्योगाची ती उद्यम नोंदणी रद्द करता येते का? पार्टी म्हणायलीय, नोंदणी काढा, नाहीतर माल दुसरीकडून घेतो.” कायद्याला दात दिले की आमचे मोठे लोक तोंडच काढून घेतात. आणि खरेदीदार धर्मादाय संस्था असली, तर आयकराचं ते कलम तिला फारसं टोचतही नाही. त्यामुळं साडी, स्मृतिचिन्ह आणि थकलेलं बिल ही तिन्ही एकाच कपाटात सुखानं नांदतात.

तक्रार का करत नाही, असं मुंबई-पुण्याचे मित्र विचारतात. त्यांना जिल्हा म्हणजे काय ते ठाऊक नाही. इथं एका मालाला मोठी गिऱ्हाईकं मोजून पाच, आणि ती पाचही एकाच लग्नात पंगतीला शेजारी बसतात.

समाजासाठी काही करायला निघालेल्याची कथा याहून कडू आहे. उद्योजकाचं निदान बिलच अडकतं. औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. ती लेकरं गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा, २००९ च्या सुमारास, गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच बंद केलं. खेड्यातली माणसं घाबरली, हे मी समजू शकतो. आजाराबद्दल त्यांना कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. पण तिथून हाकेच्या अंतरावर लातूर शहर आहे. घराघरात डॉक्टर, गल्लोगल्ली प्राध्यापक. या मुलांच्या बाजूनं लातूर एक दिवस बंद राहिल्याचं मला आठवत नाही.

बंद झालं होतं लातूर, त्याच सुमाराला. विभागीय आयुक्तालयासाठी.

तरुण वाचकांसाठी सांगतो. जानेवारी २००९ मध्ये राज्य सरकारनं मराठवाड्यातलं दुसरं महसुली आयुक्तालय नांदेडला करायचं ठरवलं. मुख्यमंत्री होते नांदेडचे अशोक चव्हाण. महिनाभरापूर्वीपर्यंत त्या खुर्चीवर लातूरचे विलासराव देशमुख होते. लातूर रस्त्यावर आलं, नांदेडनं दंड थोपटले, वकील कोर्टात गेले. इतकी वर्षं झाली, आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे आणि दोन्ही गावचे लोक सहीसाठी अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर तुडवत तिथंच जातात. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी आठवड्यातले काही दिवस बीदरपर्यंत नेली, तेव्हाही लातूर पेटलं होतं. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव, अशोकराव. चार मुख्यमंत्री देऊनही ज्या भागाला एकमेकांच्या शेजारी बसता आलं नाही, त्याला पाचवा देऊन उपयोग काय?

ज्या गोष्टींसाठी खरंच रस्त्यावर यायला हवं होतं, त्या गुपचूप निघून गेल्या. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली निघाली, मुख्यालय नांदेडला. २००९ मध्ये, पुन्हा तेच २००९, ती एकत्रीकरणात महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि तिचं मुख्यालय पुढं औरंगाबादला गेलं. नांदेडच्या माणसाला कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणारं टेबल नांदेडातून उठलं, तरी कोणी काळी फीत लावली नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळापासूनची आपली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विरघळली. जुना मॅनेजर तुमच्या चुलत्याला ओळखायचा, धंदा बघायला सायकलवर यायचा. आताचा तुमची फाइल वर पाठवतो आणि ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतो. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्याच जाहिरातीखाली बसलेला माणूस ‘जामीनदार कोण आहे?’ असं विचारतो. मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. टाळेबंदी होती, हे खरं. पण टाळेबंदी उठली, तरी मंडळ गेल्याची आठवण दोन्ही शहरांत किती जणांना झाली?

सामाजिक संस्थांच्या पैशाचंही तसंच. कंपनी कायद्यानं २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं आणि सोबत सांगितलं, आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. ऐकायला किती न्याय्य! ज्या जिल्ह्यात कारखानाच नाही, त्यानं हे प्राधान्य कुठल्या भांड्यात शिजवायचं? वर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला: देणगी फक्त नवी दिल्लीच्या एका शाखेतल्या खात्यातच येणार, आणि एका संस्थेनं दुसरीला त्यातलं काही द्यायचं नाही. मोठ्या संस्थेच्या सावलीत तग धरणाऱ्या तालुक्याच्या लहान संस्थांची शिदोरीच यानं तोडली. त्या संस्था बंद पडल्याची बातमी येत नाही. एका सकाळी पाटी दिसत नाही, एवढंच.

सगळंच दिल्ली-मुंबईवर ढकलून आम्हाला सुटता येणार नाही, कारण याच मातीत वेगळं घडलेलं आहे. लातूरचं विवेकानंद रुग्णालय १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून काढलं, आणि मिळूनच टिकवलं. किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यात डॉ. अशोक बेलखोडे साने गुरुजी रुग्णालय घेऊन बसले. बिलोली तालुक्यातल्या सगरोळीत १९५९ पासून संस्कृती संवर्धन मंडळ उभं आहे. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते किल्लारीच्या भूकंपानं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावं झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची दगड-मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. ती बहुतेक ठेकेदारांनी आणि देणगीदारांनी बांधून हातात दिली. खरी गोष्ट त्यांच्या बाहेरच्या, हजाराहून जास्त गावांतली आहे, जिथं घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती. तिथं जागतिक बँकेच्या मदतीच्या कार्यक्रमातून हप्त्या-हप्त्यानं पैसे द्यायचे आणि मालकानं स्वतः दुरुस्ती करायची असं ठरलं. मग लक्ष कोण ठेवणार? इंजिनिअर मोजके, तलाठ्याला वेळ नाही, पुढारी हप्त्याकडं डोळा लावून. मुंबईहून आलेल्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं सांगितलं, गावातल्या बाया ठेवतील.

त्यांना ‘संवाद सहायक’ नाव मिळालं. कालपर्यंत पंचायतीच्या ओट्यासमोरून चपला हातात घेऊन जाणाऱ्या बाया वाळूत माती किती मिसळलीय ते मुठीत धरून बघायला लागल्या. भिंतीच्या कोपऱ्यात गज घातला की नाही, सिमेंटची पोती किती आली आणि लागली किती, याचा हिशेब ठेवायला लागल्या. कोणाचा हप्ता अडला की चार जणी एसटीनं तहसीलला. एका गावची बाई अडली तर शेजारच्या गावची अनुभवी बाई यायची आणि तिच्यासोबत साहेबापुढं बसायची. प्रेरणेचं व्याख्यान कोणी दिलं नव्हतं. अधिकार दिला होता, वही दिली होती, आणि अडल्यावर हाक मारायला शेजारचं गाव होतं.

घरं झाली आणि बाया घरी बसल्या नाहीत. बचत गट झाले, गटांतून धंदे निघाले. पुढं दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी एक एकराची शेती काढली: नवऱ्याच्या रानातला एक एकर बाईच्या निर्णयाचा, त्यात आधी खायची पिकं, ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं आणि आम्ही शहरवाले टँकरमागं घागरी घेऊन धावत होतो, तेव्हा पाण्याचं शहाणपण कोणाकडं होतं ते स्पष्ट दिसत होतं. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा या बाया कच्छात गेल्या, मदत घेऊन नव्हे, घर कसं बांधून घ्यायचं आणि सरकारकडून काम कसं करून घ्यायचं ते सांगायला. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. लातुरात त्यांच्या नावाचा चौक आहे का, मला विचारू नका. चौकांसाठी आमच्याकडं मोठी प्रतीक्षायादी आहे.

यातून मेळावेवाल्यांनी घ्यावं असं बरंच आहे, पण ते घेणार नाहीत. कारण हे घडायला भूकंप लागला होता. जात, पक्ष, घराणं हे सगळं काही महिने ढिगाऱ्याखाली होतं, तेवढ्यात बायांनी हात घालून घेतला. माणसं मेल्याशिवाय आम्ही एकमेकांच्या ओसरीवर जाणारच नसू, तर स्टार्टअपची धोरणं कितीही छापा. संभाजीनगरच्या उद्योजकांनी ‘मॅजिक’ नावाचं मराठवाड्याचं इन्क्युबेशन केंद्र काढलं, चांगलं काढलं. त्यांच्याकडं बोट दाखवत बसणाऱ्या लातूर-नांदेडच्या बड्यांना मी विचारतो, तुम्हाला कोणी धरलंय?

सांगायचंच तर हे सांगतो. लातूरच्या डाळ आणि तेल गिरण्यांनी, नांदेडच्या हॉटेलवाल्यांनी, दोन्हीकडच्या शिक्षणसम्राटांनी आणि क्लासवाल्यांनी वर्षाला एका तरी नव्या माणसाकडून माल घ्यावा. तो आपल्या नात्यातला नसावा, जातीतला नसावा. पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. मोंढ्यातल्या पेढ्यांनी पुतण्याच्या शेजारी एक परकं पोरगं पोती मोजायला बसवावं आणि दोन वर्षांनी त्यालाही ‘विकून दे’ म्हणून माल द्यावा. समाजकार्य करणाऱ्यावर गाव उलटलं, तर डॉक्टर-वकिलांच्या संघटनांनी पत्रक काढण्याऐवजी त्या गावी जाऊन पारावर बसावं. आणि नांदेड-लातूरच्या उद्योजकांना एकत्र भेटायचंच असेल, तर आयुक्तालयाचा वाद सोडून अहमदपूरला भेटावं. दोन्ही शहरांच्या साधारण मध्ये आहे, आणि चोबळी त्याच तालुक्यात आहे. स्टेज नको, माईक नको, फोटोवाला नको. प्रत्येकानं आपल्या येण्यांची यादी आणावी आणि ती मोठ्यानं वाचावी. ज्याचं नाव निघेल त्यानं तिथल्या तिथं पैसे ट्रान्सफर करावेत. फोनवर आता ते दोन मिनिटांत होतं, त्यामुळं ‘चेकबुक घरी राहिलं’ ही सबबही उरलेली नाही.

असल्या बैठकीला कोण कोण येणार नाही, याची यादी मी आजच देऊ शकतो. व्यवसायाची गुप्तता आड येते म्हणून देत नाही.

आणि हा लेख वाचणाऱ्या ज्या कोणाच्या टेबलावर एखाद्या लहान माणसाचं बिल सहीसाठी पडून असेल, त्यांनी मला पत्र लिहून ‘लेख आवडला’ असं कळवू नये. ते बिल काढावं. मार्चअखेरची वाट बघू नये.